तिघांपैकी कोणतेही दोन

"निघालं गं पाणी, आलं बांधाच्या उशाला,
ऊठ दाराच्या माणसा, झोप राखली कशाला."

सासूचा हा आवाज धाकटीनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा या घरातली भांडीसुद्धा तिच्या ओळखीची झाली नव्हती. पहाट फुटायची होती. तिला वाटलं कुणीतरी गातंय, मग वाटलं कुणीतरी ओरडतंय. दोन्ही खरं होतं. सासू अंगणात उभी राहून समुद्राकडे तोंड करून सुरात हाक घालत होती, आणि सासरा मोगरी खांद्यावर टाकून डोळे चोळत बांधाच्या वाटेला लागला होता. त्याच्या मागून नणंद धावत होती, अनवाणी, वेणी अर्धी घातलेली.

सासू जाऊन आता बरीच वर्षं झाली. नणंद लग्न होऊन पलीकडच्या आळीत गेली. भरतीला आता कुणी हाक घालत नाही. म्हातारा सासरा आपला आपण उठतो. पाण्याचं येणं त्याला गुडघ्यात कळतं.

हे घर दारकऱ्याचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मिठाचे वाफे, आणि मधे मातीचा लांबलचक बांध. त्या बांधाला एकच दार: दोन दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा, आणि खाचांत एकावर एक सरकवायच्या जाड फळ्या. पाणी हवं तेवढं आत घ्यायचं, नको झालं की मोगरीनं फळ्या ठोकून दार मिटायचं. ऐकायला सोपं. पण भर भरतीला कुठली फळी फुगते, कुठली चिरते, कुठल्या फटीत चिखल कोंबायचा आणि कुठल्या फटीला हात लावायचा नाही, हे ज्याला कळतं तो दारकरी. साऱ्या वस्तीचं मीठ त्या फळ्यांच्या भरवशावर. म्हणून या घराचा एक नेम होता. पाणी वर असताना घरचं एक माणूस दाराशी असलंच पाहिजे. लग्न असो, मरण असो. सासू गेली तेव्हाही म्हातारा भरती ओसरल्यावर मागाहून आला होता, आणि कुणी त्याला नावं ठेवली नव्हती.

थोरला मुलगा बायकोला घेऊन शहरात गेला तो गेलाच. धाकटीचा नवरा मिठाची लॉरी चालवायचा. पाण्यापेक्षा रस्ता बरा, रस्ता निदान जागच्या जागी असतो, असं म्हणायचा आणि महिन्याचे बरेच दिवस त्या रस्त्यावरच असायचा. तेव्हा म्हाताऱ्याच्या मागे दाराशी उभं राहणारं माणूस म्हणजे धाकटी. तिला दार धरता यायचं. पण दार धरता येणं वेगळं आणि दारानं ऐकणं वेगळं, हे तिचं तिला ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्यात बांध वळणापाशी फुटला. दार शाबूत राहिलं, पण दाराच्या बगलेतूनच समुद्र आत आला आणि वर्षानुवर्षं पायांनी तुडवून गुळगुळीत केलेल्या वाफ्यांवर गाळाची गोधडी पसरून गेला. सगळा हिवाळा वस्ती चिखलात उभी होती. टोपलीमागून टोपली, बांधावर माती, मातीवर माती. धाकटीच्या टाचांना भेगा पडल्या आणि भेगांत मीठ बसलं. पाऊल टेकलं की कळ डोळ्यांत उतरायची. बायका म्हणायच्या, रडू नका गं, पाणी आहे तेवढं पुरे. आणि हसायच्या. हिवाळा सरता सरता वाफे पुन्हा आरशासारखे झाले, पहिलं मीठ धरलं, काठावर पांढरे ढीग उभे राहिले. पण वळणावरचा बांध कच्चाच होता. येत्या पावसाळ्यात तो पुन्हा जाणार हे पोरंसुद्धा सांगत होती.

मग बांधाचे साहेब आले. वळणाला दगडी अस्तर घालून देतो, म्हणाले, दगड पडावांतून, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्यांतून, थेट बांधाशी उतरवतो. पण एकेका माणसाला असं काही देता येत नाही. ट्रस्ट करा, ट्रस्टच्या नावानं बँकेत खातं उघडा आणि महिना संपायच्या आत खात्याचा नंबर कळवा. नाही कळवला तर पडाव पुढच्या वस्तीला वळतील, तिथले लोक कधीचे तयार बसलेत.

ट्रस्ट झाला. कचेरीत खेटे घालून धाकटीनंच तो करवून घेतला. विश्वस्त तिघं: अध्यक्ष म्हातारा, चिटणीस धाकटी, आणि खजिनदार तोलारी. तोलारी म्हणजे ढिगावर मीठ तोलणारा, देहानं स्वतःच एक ढीग, तोंडानं सैल, पण काट्याला प्रामाणिक. त्याच्याकडे स्कूटर होती, हे त्याला घेण्यामागचं दुसरं कारण. तो म्हणायचा, "वहिनी, नावात ट्रस्ट आहे, पण करताना नुसता त्रास."

पहिल्या खेपेला धाकटी आणि तोलारी गेले. म्हातारा दाराशी राहिला. बँक शहराच्या तोंडाशी होती. काचेचं दार, आत गारवा, लोखंडी खुर्च्यांची एकमेकींना जखडलेली रांग. धाकटीच्या चपलांतून वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे पडत गेले, आणि झाडणारी बाई तिच्या मागे मागे केरसुणी घेऊन चालत आली. तेवढ्यानं धाकटीचे कान तापले. ती पाय खुर्चीखाली घेऊन बसली.

खात्याचं काम बघणाऱ्या बाईंना जबर सर्दी झाली होती. रुमाल नाकाशी धरून त्यांनी कागद चाळले. ट्रस्टची घटना बरोबर आहे, म्हणाल्या, नोंदणी बरोबर आहे. खातं उघडण्याचा ठराव मात्र नव्यानं लिहून आणा, व्यवहार कुणाच्या सहीनं व्हायचा तेही त्यात हवं. ट्रस्टचा शिक्का हवा. आणि तिन्ही विश्वस्तांच्या सह्या आमच्यासमोर.

तिघांच्या सह्या समोर. हे धाकटीनं घोकत घोकत घरी आणलं. शिक्का करायला टाकला. ठराव तिनं लिहिला, तोलारीनं वाचला, साऱ्या वस्तीनं ऐकला. सहीचा प्रश्न म्हाताऱ्याचा होता. त्याला सही यायची, पण हात कित्येक वर्षांत वळला नव्हता. वाफ्यात पाणी सोडण्याआधी माती ओली आणि लोण्यासारखी असते. त्या मातीवर तो काडीनं सही गिरवायला बसला. एका वाफ्यात एक सही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाफ्यात दुसरी. येणारे-जाणारे बांधावर थांबून बघायचे, आणि तोलारी म्हणायचा, आता या वाफ्याचं मीठ अध्यक्षांच्या परवानगीशिवाय विकता यायचं नाही.

दिवस हलके होते. भांगाची भरती, पाणी फारसं वर चढत नव्हतं, आणि चढलं तरी भल्या सकाळी येऊन जायचं. त्या दिवसांत तिघंही निश्चिंत बँकेत जाऊ शकले असते. पण तसं कुणाच्या मनातच आलं नाही. या घरात दोघं कधी एका वेळी बाहेर पडतच नव्हते. एक जातं, एक राहतं. आलेलं राहतं, राहिलेलं जातं. पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेलं ते वळण. शिक्का आला तशी धाकटी दाराशी थांबली आणि म्हातारा धुतलेला सदरा घालून तोलारीच्या मागे स्कूटरवर बसून गेला. धाकटीची पाळी झाली, आता आपली, असं त्याला वाटलं.

दोघं परत आले ते तोंड पाडून. तिसरं माणूस समुद्रासाठी मागं राहिलंय हे ऐकून बाईंनी त्यांना समजावून सांगितलं होतं, मग हसल्या होत्या, मग शिंकल्या होत्या. तिघं म्हणजे तिघं एकदम, शेजारी शेजारी. पाळीपाळीनं यायला बँक म्हणजे काय पहारा आहे? त्यानंतर बँकेला लागोपाठ सुट्ट्या आल्या, आणि सुट्ट्या संपल्या तेव्हा हातात एकच दिवस उरला: महिन्याचा शेवटचा, नेमका अवसेचा. अवसेचं पाणी भर दुपारी येतं. बँकेचं दार उघडं असतं तेव्हाच समुद्र बांधाच्या दाराशी उभा राहतो.

आदल्या संध्याकाळी जेवताना धाकटीनं विषय काढला. दाराशी कुणीतरी उभं करू. म्हाताऱ्यानं विचारलं, कोण? तिनं एक-दोन नावं घेतली. चांगली माणसं होती, दणकट होती. म्हातारा घास चावत राहिला. मग ती म्हणाली, "वन्संना सांगितलं तर?"

म्हाताऱ्याचा हात ताटात थांबला. नणंद या घरातून गेल्यापासून तिनं दाराला हात लावला नव्हता. दिलेली लेक माहेरच्या दारावर हक्क सांगत नाही, हे तिला कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही पडली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच मोठ्या भरतीला ती धावत आली होती, आणि म्हाताऱ्यानं मोगरी तिच्या हातून घेऊन भावाच्या, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याच्या, हातात दिली होती. भावाला ती कशी धरायची तेही येत नव्हतं. नणंद हसून घरी गेली. ते हसू धाकटीनं पाहिलं होतं.

"पाणी आणि लेक," म्हातारा म्हणाला, "दिल्यावर परत मागू नये." आणि हात धुवायला उठला.

धाकटीनं भांडी तशीच टाकली आणि पदर खोचून पलीकडच्या आळीत गेली. नणंद ओटीवर मिठाची पोती शिवत बसली होती. मोठी सुई, जाड सुतळी, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. धाकटीनं सगळं सांगितलं. नणंद मान वर न करता शिवत राहिली.

"आबा बोलले का, तिला बोलाव म्हणून?"

"नाही."

"मग वहिनी, मी कशी येऊ?" तिनं सुतळी दातांनी तोडली. "न बोलावता गेलं तर जेवणाच्या पंगतीतसुद्धा वाढप्याचा हात आखडतो. हे तर दार आहे."

धाकटी उठली. अंगणाच्या टोकाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला, उद्याचं पाणी वारा धरून येईल, खालून तिसरी फळी बदललीत का? धाकटी म्हणाली, नाही, तीच आहे. मागं पुन्हा सुईची करकर सुरू झाली.

सकाळी तोलारी हजामत करून, केसांना तेल लावून, स्कूटर पुसून आला. धाकटीनं कागद एकात एक घालून पिशवीत ठेवले, शिक्का रुमालात गुंडाळला. म्हातारा दाराशीच होता. त्यानं सगळ्या फळ्या उतरवून ठोकल्या होत्या, फटीत गवत आणि चिखल भरला होता, आणि तरी तो तिथून हलेना. ज्याला उभं करायचं ठरलं होतं तो मीठकरी शेजारी उभा होता, आणि म्हातारा त्याला तेच तेच सांगत होता, आणि तो तेच तेच हो म्हणत होता.

तेवढ्यात बांधावरून नणंद येताना दिसली.

ती आली आणि दारापासून थोड्या अंतरावर उभी राहिली. कुणाकडे बघितलं नाही. वाऱ्याकडे बघत असल्यासारखी समुद्राकडे बघत राहिली. म्हाताऱ्याचं बोलणं मधेच तुटलं. धाकटीचा जीव कानांत आला. आता तो बोलेल, तिला वाटलं, आता तो नुसतं 'आलीस' म्हणाला तरी पुरे आहे. म्हाताऱ्यानं हातातली मोगरी बघितली. दोन पावलं चालला. आणि मोगरी लेकीच्या हातात न देता खांबाच्या दगडावर ठेवली.

मग तो स्कूटरकडे गेला.

नणंदेनं मोगरी उचलली. धाकटीकडे बघून एवढंच म्हणाली, "जा वहिनी. उशीर करू नका." मीठकऱ्याला तिनं चिखल आणायला पाठवलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद स्पष्ट दिसत होता.

एका स्कूटरवर तिघं: पुढं तोलारी, मधे अध्यक्ष, मागं पिशवी पोटाशी धरून चिटणीस. तोलारीच्या आडोशाला वारासुद्धा लागत नव्हता. चढावर स्कूटर दमली तेव्हा तोलारी म्हणाला, कुणीतरी उतरा, आणि म्हातारा म्हणाला, तू उतर. धाकटी हसली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. रस्त्याकडेची झाडं, फाटकं, वाळत घातलेले कपडे, सगळं मागं पळत होतं. आपण काहीतरी करायला निघालोय, आणि ते आज होणार किंवा कधीच होणार नाही, असं तिला लहानपणी जत्रेला जातानासुद्धा वाटलं नव्हतं.

बँकेत बाईंची सर्दी बरी झाली होती. तिघांना एकदम दारातून येताना पाहून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, आज समुद्र सुट्टीवर आहे वाटतं. म्हातारा म्हणाला, नाही, तो निघालाय.

कामाला सुरुवात झाली. फोटो चिकटवले. तोलारीच्या फोटोत त्याचं तोंड उघडं होतं. त्याचं म्हणणं, फोटोवाल्यानं न सांगता टिपला. बाईंचं म्हणणं, चालेल, ओळख पटते. म्हाताऱ्याला धंदा विचारला. त्यानं सांगितलं, दार. बाईंनी पुन्हा विचारलं. धाकटीनं समजावून सांगितलं, तेव्हा बाईंची मान वर झाली. आत्ता कोण आहे तिथं, त्यांनी विचारलं.

म्हातारा म्हणाला, "आहे एक माणूस."

सहीच्या नमुन्याची वेळ आली. पुठ्ठ्याचं एक कार्ड आणि त्यावर बोटभर उंचीचा चौकोन. म्हाताऱ्यानं पेन मुठीत धरलं, श्वास घेतला, आणि वाफ्यात गिरवलेली सही जशीच्या तशी ठोकली. ती चौकोनातून निघाली, तोलारीच्या चौकोनात शिरली, धाकटीचा चौकोन ओलांडून कार्डाच्या काठाला भिडली. उरलेलं अक्षर त्यानं टेबलावर काढलं. मातीत लिहिताना कुणी आखडतं लिहीत नाही, आणि त्याला दुसरं कुठं लिहायचं माहीतच नव्हतं. पलीकडच्या खिडकीतला कारकून तोंडावर हात धरून वळला. म्हाताऱ्याचे कान लाल झाले. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं टेबल पुसायला घेतलं.

बाईंनी दुसरं कार्ड काढून दिलं. धाकटी त्याच्या कानाशी वाकली. "आबा, वाफा नाही, मिठाचा खडा समजा. एका खड्यावर एक अक्षर."

त्यानं डोळे बारीक केले. पेनाचं टोक कागदाला लागलं न लागलं असं धरलं. या वेळी सही चौकोनात बसली, वर शेजारी जागाही उरली. बाई म्हणाल्या, छान आली. म्हाताऱ्यानं कार्ड लांब धरून पाहिलं आणि कुणाला दिसू नये असं हसला.

मग बाईंनी ठराव वाचला. पैसे काढताना सह्या कुणाच्या, या ओळीपाशी थांबल्या. तुम्ही तिघांच्या लिहिल्यात, म्हणाल्या, तसं चालतं, पण अवघड जातं. एक आजारी, एक गावाला, की व्यवहार अडला. बहुतेक ट्रस्ट असं लिहितात: तिघांपैकी कोणतेही दोन. म्हणजे दोघं इथं आले की पुरे.

"आणि तिसरा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

तिसरा कुठंही असू दे, बाई म्हणाल्या.

म्हातारा खुर्चीत मागं रेलला. सकाळपासून प्रथमच त्याचे खांदे उतरले. तो तोलारीला म्हणाला, "बघ. बँकेलाही ठाऊक आहे, एक माणूस दाराशी लागतं."

ठरावात तशी दुरुस्ती केली, तिघांनी त्यावर सह्या केल्या, शिक्का उमटवला. पहिल्यांदा तो उलटा उमटला, म्हणून पुन्हा उमटवला. बाई यंत्रासमोर बसल्या आणि यंत्र थांबलं. पडद्यावर एक गोल चक्र फिरत राहिलं. म्हाताऱ्याचा डावा हात गुडघ्यावर गेला. तो हळू आवाजात, जणू स्वतःशीच, बोलू लागला. आता पाणी खांबाच्या पायाशी आलं असेल. आता दुसऱ्या फळीवर. आता वारा त्याला ढकलत असेल. भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. खोलीतली माणसं एकेक करून ऐकू लागली. हसणारा कारकून उठून बाईंच्या मागं उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या यंत्रावरून करून बघा. बाई कागद घेऊन त्याच्या जागेवर धावल्या. धाकटीनं पिशवीचे बंद इतके घट्ट पिरगाळले होते की बोटं पांढरी पडली.

"तिसरीवर आलं," म्हातारा म्हणाला. "ती फळी जुनी आहे."

तेवढ्यात यंत्रानं कागद बाहेर टाकला. बाईंनी त्यावर सही केली, शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी धाकटीच्या हातात दिला. वर ट्रस्टचं नाव, खाली आकड्यांची एक लांब ओळ. साहेबांना इथूनच नंबर कळवा, म्हणाल्या, आणि टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला. धाकटीनं नंबर लावला. एकेक आकडा तिनं कागदावर बोट ठेवून सांगितला. पलीकडून साहेबांनी आकडे पुन्हा म्हणून दाखवले. पडाव तुमच्याकडेच येतील, म्हणाले.

तिनं फोन ठेवला तेव्हा खोलीत कुणीतरी टाळी वाजवली. ती झाडणारी बाई होती, केरसुणी काखेत धरून.

परतीच्या वाटेवर कुणी विनोद केला नाही. स्कूटर कशी आली ते तोलारीलाच ठाऊक. जिथं रस्ता संपून बांध सुरू होतो तिथं ती एका कुशीवर टाकून तिघं पळत सुटले. वारा समोरून येत होता, तोंडावर खारे थेंब मारत होता. समुद्र बांधाच्या ओठाशी लागला होता, फुगलेला, गढूळ. उजवीकडे मिठाचे ढीग तसेच पांढरे, कोरडे उभे होते. धाकटीनं पळता पळता ते पाहिलं आणि तिचे पाय हलके झाले. टाचेच्या भेगा तिला आठवल्याच नाहीत.

दारापाशी वस्ती जमली होती. वळणापासून दारापर्यंत माणसांची साखळी होती आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढं येत होते. साखळीच्या टोकाला, दाराच्या आतल्या अंगाला, कमरेपर्यंत पाण्यात नणंद उभी होती. तिसरी फळी चिरली होती. तिनं आपली शिवलेली पोती मातीनं भरून फळीला लावली होती, आणि पोत्यांना पाठ देऊन, कान फळीशी टेकवून ती उभी होती. कुणी गोळा दिला की हातानंच थांब म्हणायची. ऐकायची. मग एखादा घ्यायची आणि नेमका कुठंतरी लावायची. मोगरीचा एक हलका ठोका घालायची. पुन्हा ऐकायची.

धाकटी कागदांची पिशवी तोलारीच्या हातात देऊन पाण्यात उतरली आणि नणंदेच्या शेजारी पोत्यांना पाठ लावून उभी राहिली. पाठीमागून समुद्राचा भार जाणवत होता, एखाद्या जनावराच्या श्वासासारखा, आत-बाहेर, आत-बाहेर. झालं का, नणंदेनं विचारलं. झालं, धाकटी म्हणाली. नणंदेनं डोळे मिटून मान हलवली आणि पुन्हा फळीला कान लावला.

म्हातारा वर बांधावर उभा होता. सगळ्यांना वाटलं आता तो खाली उतरेल, मोगरी घेईल. तो उतरला नाही. वरूनच बघत राहिला, लेकीचा हात कुठं जातो, कुठं थांबतो.

मग भार जरा सैल झाला. आधी कुणालाच कळलं नाही. नणंदेला कळलं. तिनं पाठ पोत्यांवरून काढली आणि म्हणाली, "फिरलं."

पाणी ओसरायला लागलं तशी माणसं बांधावर बसली, चिखलानं माखलेली, एकमेकांकडे बघून उगाचच हसणारी. तोलारी कागद उंच धरून उभा राहिला आणि मीठ तोलताना जसा सुरात मोजतो तसा खात्याचा नंबर म्हणू लागला, एकेक आकडा लांबवत. प्रत्येक आकड्यापाठोपाठ वस्तीनं तो म्हटला. लहान पोरींना तो पाठ झाला आणि त्या त्यावर उड्या मारायला लागल्या. एका बाईनं विचारलं, खातं तर उघडलं, आत काय आहे? तोलारी म्हणाला, सध्या आम्ही तिघंच आहोत. आणि सगळा बांध हसला.

धाकटीही हसत होती, आणि हसता हसता तिचं लक्ष नणंदेकडे गेलं. नणंद पाण्यातून वर आली होती. तिनं कपडे पिळले, मोगरी धुतली आणि सकाळी जिथून उचलली होती त्याच दगडावर ठेवली. घरी स्वयंपाक व्हायचाय, असं काहीतरी पुटपुटत ती आळीच्या दिशेनं निघाली.

"थांब," म्हातारा म्हणाला.

ती थांबली. वळली नाही.

म्हातारा दगडापाशी गेला. वाकला, मोगरी उचलली. तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. बांधावरचं हसणं एकेक करून विझत गेलं. नुसतं उतरतं पाणी फळ्यांतून पाझरत होतं, तेवढाच आवाज.

"तू एवढीशी होतीस," तो म्हणाला, "फळीला कान लावून मला म्हणालीस, आबा, ही रडते. मी बघितलं तर फळी चिरली होती. मला दिसली नव्हती. तेव्हाच मला कळलं, हे दार माझं ऐकत नाही, तुझं ऐकतं. तुझ्या भावाचं तर कधीच ऐकलं नसतं. मी बोललो नाही."

नणंद वळली. तिचा चेहरा चिखलानं भरलेला होता, नुसते डोळे स्वच्छ होते. "का नाही बोललात, आबा?"

म्हाताऱ्यानं मोगरी तिच्या हातात दिली आणि तिचा हात तसाच मुठीत धरून ठेवला.

"बोललो असतो," तो म्हणाला, "तर मला तुला दुसऱ्या घरी पाठवताच आलं नसतं."